जुन्या शाळेच्या इमारतीत आता ऑफिसं: फोटो काढणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा बंद पडते किंवा दुसरीकडे हलते. इमारत मात्र भक्कम उभी असते. मग तिच्यात ऑफिसं येतात. अशा इमारतीचे फोटो काढणाऱ्यांपैकी काही जण आजचं ऑफिस टाळून फक्त शाळा शोधतात, तर काही जण चकचकीत ऑफिस टिपतात आणि शाळा हरवून बसतात. ही इमारत मुलांच्या उंचीला, मुलांच्या डोळ्यांना आणि दिवसाच्या उजेडाला धरून बांधली होती, आणि आज तिच्यात मोठी माणसं स्क्रीनसमोर बसून काम करतात. या दोन्ही गोष्टी फोटोत एकत्र दिसाव्यात, या विचारानेच खालची सगळी उत्तरं लिहिली आहेत.

कॅमेरा बाहेर काढण्याआधी काय पाहावं?

आधी रिकाम्या हाताने पूर्ण इमारत फिरून घ्या. जमल्यास मूळ नकाशा मिळवा. इमारतीचं रूपांतर करताना वास्तुरचनाकाराने तो बहुतेक वेळा वापरलेला असतो, त्यामुळे मालकाकडे किंवा व्यवस्थापनाकडे त्याची प्रत असू शकते. नकाशा हातात आला की कळतं, आजची कॉन्फरन्स रूम म्हणजे दोन वर्गांमधली भिंत पाडून केलेली जागा आहे, आणि रिसेप्शन आहे तिथे पूर्वी मुख्याध्यापकांची खोली होती.

नकाशा मिळाला नाही तर इमारतच पुष्कळ सांगते. एकसारख्या अंतरावर असलेली दारं म्हणजे वर्गांची रांग. व्हरांड्याच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर खुंट्या किंवा त्यांच्या बुजवलेल्या खुणा दिसल्या, तर तिथे मुलं कोट आणि दप्तरं अडकवत होती. एकाच इमारतीला दोन सारखी प्रवेशद्वारं असतील तर बहुधा एक मुलांचं आणि एक मुलींचं. लंडनमधल्या १८७०नंतरच्या अनेक शाळांवर तशी अक्षरं दगडात कोरलेली आजही दिसतात.

वर्गाच्या खिडक्या एवढ्या प्रचंड का असतात? फोटोच्या दृष्टीने त्याचा काय उपयोग?

या प्रश्नावर थोडं थांबू या, कारण आतल्या फोटोंची निम्मी उत्तरं यातच आहेत.

एकोणिसाव्या शतकात शाळा बांधणाऱ्यांना मुलांच्या डोळ्यांची मोठी काळजी होती. ब्रेस्लाऊ (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शहरातले नेत्रतज्ज्ञ हेर्मान कोन यांनी १८६७ साली १०,०००हून अधिक शाळकरी मुलांचे डोळे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. वरच्या वर्गांत जावं तसं लघुदृष्टीचं प्रमाण वाढत जातं, हे त्यातून पुढे आलं आणि वर्गातल्या अपुऱ्या उजेडाकडे बोट दाखवलं गेलं. विजेचे दिवे अजून यायचे होते. खिडकी मोठी करणं एवढाच उपाय हाती होता. खिडकीचं वरचं टोक जितकं उंच, तितका उजेड खोलीत आतवर पोचतो. अंदाज बांधायला वास्तुरचनाकार एक ठोकताळा वापरतात: खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, तिच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड मिळतो. म्हणून जुन्या शाळांची छतं उंच आणि खिडक्या छताला भिडलेल्या.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उजेड विद्यार्थ्याच्या डाव्या बाजूने यावा, असा आग्रह असे. बहुतेक मुलं उजव्या हाताने लिहितात. उजेड डावीकडून आला की हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. त्यामुळे अनेक जुन्या वर्गांत खिडक्यांची भिंत एकच, आणि तिच्याकडे पाहून फळा कुठे होता ते सांगता येतं: खिडक्या तुमच्या डाव्या हाताला येतील असे उभे राहा, समोरची भिंत ती फळ्याची.

फोटोसाठी पहिली जागा तीच. मागच्या भिंतीपाशी, खिडक्या डावीकडे ठेवून, फळ्याच्या भिंतीकडे तोंड करून कॅमेरा लावा. खोली ज्या दिशेने वाचली जावी म्हणून बांधली, त्याच दिशेने ती फोटोत उतरते. बाजूने येणाऱ्या उजेडात गिलाव्याचा खडबडीतपणा, लाकडी पट्ट्या, टेबलांच्या कडा सगळं उठून दिसतं. आजच्या ऑफिसात टेबलं बहुधा वेगळ्याच दिशेने मांडलेली असतात, कारण स्क्रीनवर खिडकीची चमक यायला नको. मुलांनी ज्या उजेडाकडे डावा खांदा केला त्याच उजेडापासून आजचे लोक आपले स्क्रीन वळवतात, हे एका फोटोत दाखवता आलं तर तो फोटो जपून ठेवा.

परवानगी कोणाकोणाची लागते?

आत जायचं असेल तर बहुतेक वेळा तिघांची: मालकाची, इमारतीच्या व्यवस्थापनाची आणि ज्या ऑफिसात फोटो काढायचे त्या भाडेकरूची. एकाने हो म्हटलं म्हणून बाकीच्यांनीही म्हटलं असं धरू नका. परवानगी लेखी घ्या आणि तीत फोटो कुठे वापरणार हेही लिहा. ट्रायपॉड लावणार असाल तर त्याचाही उल्लेख करा. पुष्कळ ठिकाणी कॅमेऱ्याला ना नसते, पण व्हरांड्यात उभ्या ट्रायपॉडला असते.

रस्त्यावरून बाहेरच्या बाजूचे फोटो काढणं अनेक देशांत मोकळं असलं तरी वास्तूच्या रचनेवरच्या हक्काचा (कॉपीराइटचा) कायदा सगळीकडे सारखा नाही. फ्रान्समध्ये २०१६ साली अशी सूट कायद्यात आली, पण ती खासगी व्यक्तींच्या बिगरव्यावसायिक वापरापुरती. जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या वास्तूचा फोटो चालतो. पण व्हिएन्नातल्या हुंडर्टवासर हाउस या प्रसिद्ध निवासी इमारतीचा समोरच्या इमारतीतल्या वरच्या घरातून काढलेला फोटो जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २००३ साली त्या सवलतीत धरला नाही, कारण ती जागा सार्वजनिक नव्हती. जुन्या शाळेच्या मूळ रचनेवरचा हक्क कदाचित केव्हाच संपलेला असेल, पण नव्याने जोडलेला काचेचा भाग किंवा आतलं भित्तिचित्र कालपरवाचं असू शकतं. फोटो विकायचे असतील तर स्थानिक जाणकाराला आधी विचारा.

बाहेरून फोटो कोणत्या वेळी काढावा?

आधी दर्शनी भिंत कोणत्या दिशेला आहे ते बघा. पूर्वेकडची असेल तर सकाळ, पश्चिमेकडची असेल तर दुपार उतरल्यावर. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या भिंतीवर वर्षातले काही महिनेच ऊन येतं, तेही बहुधा सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं. दक्षिण गोलार्धात हे उलट. वर्गांचा उजेड दिवसभर एकसारखा राहावा म्हणून काही शाळांत वर्ग मुद्दाम सावलीच्या बाजूला ठेवले आहेत. तेव्हा इमारतीचा सगळ्यात बोलका भाग कायम सावलीत आहे असं आढळलं, तर तो बांधणाऱ्यांचा विचार होता असं समजा आणि ढगाळ दिवस निवडा. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन छायाचित्रकार दांपत्याने औद्योगिक वास्तूंचे जे समोरासमोरचे, शांत फोटो काढले, ते मुख्यत्वे अशाच ढगाळ आभाळाखाली. विटांची इमारत त्या मऊ उजेडात फार छान येते. सांधे, डागडुजी, बदललेल्या विटा सगळं मोजता येतं.

कोरलेल्या अक्षरांसाठी मात्र ऊन हवं, आणि तेही भिंतीला जवळजवळ घासून जाणारं. शाळेचं नाव, बांधकामाचं साल, बोधवाक्य हे बहुधा दारावर किंवा कौलाराखालच्या त्रिकोणात असतं. समोरून ऊन पडलं की अक्षरं सपाट होऊन पुसल्यासारखी दिसतात. भिंतीलगत तिरपं आलं की प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली धरते आणि झिजलेलं सालही वाचता येतं. ही वेळ थोडीच टिकते. आदल्या दिवशी जाऊन घड्याळ लावून बघा.

तिसरी वेळ सूर्यास्तानंतरची. आकाश अजून निळं आहे, आत ऑफिसचे दिवे लागले आहेत, आणि दिवसा काळ्या दिसणाऱ्या त्या प्रचंड खिडक्या आता उजळल्या आहेत. इमारतीचं नवं आयुष्य बाहेरून दाखवायला यापेक्षा चांगली वेळ नाही. विषुववृत्ताजवळ हा संधिप्रकाश झटकन संपतो, ध्रुवांकडे जावं तसा लांबतो. व्यवस्थापनाला आधी सांगून दिवे चालू आणि पडदे वर ठेवून घ्या; नाहीतर अर्ध्या खिडक्या उजळलेल्या आणि अर्ध्या मिटलेल्या मिळतात.

इमारत मागे झुकल्यासारखी का दिसते?

कॅमेरा वर वळवला म्हणून. सेन्सर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) भिंतीला समांतर राहिला नाही की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. कॅमेरा पातळीत ठेवा, लांब जा, किंवा समोरच्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरून फोटो घेता येतो का ते पाहा. शिफ्ट लेन्स असेल तर काम सोपं: कॅमेरा सरळच राहतो, लेन्स साधारण ११-१२ मिमी वर सरकते आणि इमारतीचा माथा चौकटीत येतो. तशी लेन्स नसेल तर भोवती जागा सोडून फोटो घ्या आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करा. यात कडा कापल्या जातात, म्हणून ती जागा लागते. खूप जवळून काढलेल्या फोटोत रेषा शंभर टक्के सरळ केल्या तर माथा जड आणि रुंद वाटायला लागतो. अशा वेळी किंचित झुकाव राहू द्यावा, डोळ्याला तेच खरं वाटतं.

कोणती लेन्स, आणि कॅमेरा किती उंचीवर?

फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) २४ मिमी बहुतेक वर्गांना पुरते. १६-१७ मिमीने खोली मैदानाएवढी दिसते, आणि वर्गाचं खरं माप हरवतं. वर्ग किती मुलांसाठी होता, बाक किती दाटीने होते, हे कळायला खोली तिच्या खऱ्या आकारात दिसली पाहिजे. व्हरांड्यासाठी तर मी ५० मिमी किंवा त्याहून लांब लेन्स सुचवीन. एका टोकाला जाऊन काढा, दारांची रांग एकामागे एक घट्ट उभी राहते.

उंचीबद्दल माझं ठाम मत आहे. वास्तूचे आतले फोटो बहुधा १२० ते १४० सेंटिमीटरवरून काढतात, आणि मुख्य फोटो तसेच घ्यावेत. पण प्रत्येक खोलीत एक फोटो १०० सेंटिमीटरच्या आसपासवरून घ्या. बाकावर बसलेल्या मुलाची नजर साधारण तिथेच असते. जुन्या शाळांत खिडक्यांचे उंबरे अनेकदा मुद्दाम उंच ठेवलेले असत, म्हणजे बसल्या जागेवरून मुलाला रस्ता दिसू नये, फक्त आकाश दिसावं. त्या उंचीवरून तुमच्या फोटोतही फक्त आकाश येईल. हा अनुभव उभ्या माणसाच्या उंचीवरून कधीच मिळत नाही.

काही शाळांनी मुलाची उंची उघडपणे रचनेत आणली. अमेरिकेत विनेटका इथल्या क्रो आयलंड शाळेत, जी १९४० साली एलिएल आणि ईरो सारिनेन या पिता-पुत्र वास्तुरचनाकारांनी शिकागोतल्या वास्तुरचनाकारांसह बांधली, सभागृहातली आसनं पुढच्या रांगांत लहान आणि मागे मोठी होत जातात. अशी एखादी खूण तुमच्या इमारतीत उरली असेल तर तिच्या शेजारी आजची एखादी वस्तू चौकटीत ठेवा, ऑफिसची खुर्चीसुद्धा चालेल, म्हणजे पाहणाऱ्याला फरक दिसतो.

आत फोटो काढला की खिडक्या पांढऱ्याफटक होतात. काय करावं?

खिडकीबाहेरचं दृश्य आणि खोलीचा आतला कोपरा यांच्या उजेडात इतका फरक असतो की एका एक्स्पोजरमध्ये (शटर एकदा उघडून घेतलेल्या फोटोत) दोन्ही मावत नाहीत. ट्रायपॉडवर तीन ते पाच फोटो दोन-दोन स्टॉपच्या फरकाने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) घ्या आणि नंतर हाताने जोडा. ऑटोमॅटिक एचडीआरवर (असे फोटो आपोआप जोडणाऱ्या सोयीवर) विसंबू नका; ते सावल्या इतक्या उचलतं की बाजूने येणाऱ्या उजेडाची सगळी मजा जाते. खिडकीपासून दूरची भिंत थोडी अंधारीच राहू द्या, प्रत्यक्षातही ती तशीच असते.

आणखी एक सोपा मार्ग आहे: पहाटे किंवा संध्याकाळी बाहेरचा उजेड आतल्या उजेडाला येऊन मिळतो तेव्हा काढा. बाहेर पातळ ढग असले तर दिवसभरही जमतं.

ऑफिसच्या दिव्यांनी फोटोत रंग विचित्र येतात, कधी आडवे पट्टेही दिसतात.

रंगाचं कारण असं की खिडकीतून साधारण ५,५०० ते ६,५०० केल्विनचा (उजेडाचा रंग मोजायचं एकक; आकडा मोठा तितका उजेड निळसर) उजेड येतो, छतावरच्या एलईडी पॅनेलचा ४,०००च्या आसपास आणि टेबललॅम्पचा २,७०० ते ३,०००. एकाच पांढऱ्या भिंतीवर तिघांचे तीन रंग. मी सुचवीन की एक पूर्ण संच सगळे दिवे बंद करून घ्या. शाळा ज्या उजेडात भरत असे तो त्यातच दिसतो. मग दिवे लावून दुसरा संच घ्या, कारण ऑफिस त्यातच चालतं. दोन्ही संच ट्रायपॉड न हलवता घेतले तर नंतर जोडताही येतात. प्रत्येक खोलीत एकदा राखाडी कार्ड (नंतर रंग जुळवायला) धरून फोटो घ्यायला विसरू नका.

आडवे पट्टे येतात ते दिव्यांच्या लुकलुकण्यामुळे. ५० हर्ट्झच्या विजेवर साधे ट्यूब आणि काही एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल वापरा आणि वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. ट्रायपॉडवर अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तर हा प्रश्न उरतच नाही.

ऑफिसचं सामान काढून, झाकून फोटो घ्यावेत का?

कचऱ्याची पिशवी, खुर्चीवरचं जॅकेट, लोंबणाऱ्या वायरी जरूर बाजूला करा. पण टेबलं, पार्टिशन, प्रिंटर राहू द्या. ही इमारत आज उभी आहे कारण तिचा वापर होतो. रिकामी शाळा पावसात गळते, खिडक्या फुटतात, आणि एक दिवस तिला धोकादायक ठरवून पाडतात. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतलं पाचवं कलम सांगतं की वास्तूचा समाजोपयोगी वापर तिच्या जतनाला मदतच करतो, मात्र त्यासाठी तिची मांडणी आणि सजावट बदलू नये. या कलमाचा दुसरा भाग फोटो काढणाऱ्याने खास लक्षात ठेवावा. मांडणी कुठे बदलली, कुठे सांभाळली, हेच तुमच्या फोटोंनी दाखवायचं आहे.

म्हणून नवी आणि जुनी वस्तू जिथे एकमेकींना भेटतात त्या जागा शोधा. कमानीच्या खिडकीला अर्ध्यात कापणारं पार्टिशन. जुन्या लाकडी दारावरचं कार्ड रीडर. व्हरांड्यातल्या लोखंडी खांबाला वळसा घालून गेलेला एसीचा डक्ट. काही ठिकाणी रूपांतर फार जाणतेपणाने केलेलं असतं: काचेची नवी भिंत छताच्या नक्षीला न टेकता दोन बोटं अलीकडे थांबते, म्हणजे उद्या काढली तरी नक्षी शाबूत राहील. ती दोन बोटांची फट जवळून टिपा. पूर्ण खोलीच्या फोटोत ती कोणाला दिसणार नाही, आणि त्या वास्तुरचनाकाराने इमारतीची किती कदर केली हे तिथेच कळतं.

फॉल्स सीलिंगने जुनं छत झाकलं आहे. मग?

त्याचाही फोटो घ्या. खिडकीचा वरचा भाग फॉल्स सीलिंगच्या मागे गेला असेल तर बाहेरून संध्याकाळी तो फरक स्पष्ट दिसतो: खिडकी खाली उजळलेली, वर काळी. व्यवस्थापनाने परवानगी दिली आणि त्यांचा माणूस सोबत असला तर एखादी टाइल उचलून आतल्या तुळयांचा फोटोही मिळू शकतो. स्वतः टाइल उचलू नका. वर वायरी असतात, आणि जुन्या इमारतीत ॲस्बेस्टॉसही असू शकतं.

जुना फळा सापडला तर कसा टिपावा?

आधी हात लावू नका, पुसायला तर मुळीच नको. २०१५ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीतल्या एमर्सन हायस्कूलमध्ये वर्गांचं काम चालू असताना भिंतीवरच्या फळ्यांमागे आणखी जुने फळे निघाले. त्यांवर १९१७ सालचे धडे होते: रंगीत खडूंची चित्रं, पाढ्यांचं चक्र, शिक्षकांचं वळणदार अक्षर. जवळपास शंभर वर्षं ते कोणी पाहिलं नव्हतं. तुमच्या इमारतीतही नव्या फळ्यामागे, बोर्डामागे, पॅनेलिंगमागे काही असू शकतं. दुरुस्ती चालू आहे असं कळलं तर लगेच पोचा, कारण असं काही उघडं पडलं तरी फार दिवस उघडं राहत नाही.

खडूचे फोटो घेताना फ्लॅश समोरून मारू नका. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत मऊ उजेड द्या, लेन्स फळ्याच्या मधोमध आणि काटकोनात ठेवा. फळ्यावर काच बसवलेली असेल तर तुमच्या मागे काळं कापड धरा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब येत नाही. आधी पूर्ण फळा, मग अक्षर वाचता येईल एवढे जवळचे तुकडे, एकावर एक थोडे चढलेले.

जिने आणि जमीन यांत एवढं काय पाहायचं?

शाळेचं सगळ्यात खरं उरलेलं रूप तिथे असतं. दगडी पायरी दर वेळी मध्येच झिजलेली नसते. अनेकदा ती कठड्याच्या बाजूला झिजते, कारण मुलं कठडा धरून उतरतात. पायरीच्या पातळीवर कॅमेरा नेऊन, खिडकीकडे तोंड करून काढा. झीज उजेडाच्या रेषेत वाटीसारखी दिसते. कठड्यावर थोड्या थोड्या अंतरावर धातूच्या गुंड्या असतील तर त्या मुलांनी घसरत खाली येऊ नये म्हणून बसवलेल्या.

लाकडी जमिनीवर रांगेत बुजवलेली छोटी गोल भोकं शोधा. बाकांचे लोखंडी पाय स्क्रूने जमिनीला घट्ट बसवलेले असत. बाकं गेली, भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या, वरून पॉलिश झालं. टॉर्च जमिनीवर आडवा ठेवून उजेड सरपटता सोडा: खुंट्यांच्या कडा उमटतात आणि बाकांची पूर्ण मांडणी समोर येते, किती रांगा, दोन बाकांत किती जागा. त्यावर आज ऑफिसच्या चाकांच्या खुर्च्या फिरतात. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंच ठेवून, पुढे खुंट्यांची रांग आणि मागे खुर्च्यांची चाकं, असा फोटो घ्या.

फोटोत माणसं असावीत का?

हो, निदान निम्म्या फोटोंत. माणूस असला की छताची उंची आपोआप कळते. चेहरे नको असतील तर अर्ध्या ते एका सेकंदाचं एक्स्पोजर द्या. चालणारे धूसर होतात, बसलेले स्पष्ट राहतात. ओळखू येणाऱ्या प्रत्येकाची संमती घ्या. स्क्रीन, व्हाइटबोर्ड, टेबलावरची कागदपत्रं आणि गळ्यातली ओळखपत्रं यांकडे विशेष लक्ष द्या. आजचे कॅमेरे इतकं बारीक टिपतात की मोठं करून पाहिलं तर ग्राहकाचं नाव वाचता येतं.

माजी विद्यार्थी भेटले तर त्यांना त्यांच्या वर्गात न्या आणि विचारा, “तुम्ही कुठे बसायचात?” बहुतेकांना जागा आठवते. तिथे आज ज्याचं टेबल आहे त्याला विनंती करून दोघांना एकत्र उभं करा. असा फोटो दोन्ही पिढ्या घरी लावतात.

शाळेचा जुना फोटो मिळाला आहे. अगदी त्याच जागेवरून नवा कसा काढायचा?

लेन्स कोणती होती याची चिंता सोडा. दृष्टिकोन जागेवर ठरतो, लेन्सने फक्त किती भाग दिसतो ते ठरतं; नंतर फोटो कापता येतो. जागा शोधायची ती अशी: जुन्या फोटोत जवळची आणि दूरची अशा दोन वस्तू शोधा ज्यांच्या कडा एकमेकींना लागून दिसतात, उदाहरणार्थ फाटकाचा खांब आणि मागच्या खिडकीची कड. तुम्ही डावीकडे सरकलात तर खांब खिडकीपासून उजवीकडे सुटतो, उजवीकडे सरकलात तर डावीकडे. दोन्ही कडा जुळल्या की तुम्ही एका रेषेवर आलात. आता चौकटीच्या दुसऱ्या टोकाला अशीच दुसरी जोडी घ्या. जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे तो कॅमेरा होता. उंचीसाठीही हेच, फक्त आडव्या कडा वापरायच्या. जुने फोटो कधी शिडीवरून, कधी समोरच्या गच्चीवरून काढलेले असतात, ते यातून कळतं.

सावल्याही बघा. खिडकीच्या छज्जाची सावली कुठवर उतरली आहे त्यावरून वेळ आणि साधारण ऋतू ठरवता येतो. अमेरिकेत छायाचित्रकार मार्क क्लेट आणि सहकाऱ्यांनी १९७७ ते १९७९ या काळात एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षण-फोटोंच्या जागा अशाच शोधून, शक्य तितक्या त्याच उजेडात पुन्हा फोटो काढले. झाडं वाढून मधे आली असतील तर पानगळीनंतर जा.

मोबाइलने चालेल का?

चालेल. मुख्य लेन्स वापरा, अल्ट्रावाइड नको. चौकटीतल्या रेषा चालू करा. रॉ फाइलची (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलची) सोय असेल तर ती निवडा, आणि छोटा ट्रायपॉड न्या.

एडिटिंगमध्ये कुठे थांबावं?

रंग, उजेड, रेषा दुरुस्त करा. भिंतीवरची ओल, तडा, बाहेरून लावलेला एसी, विजेच्या तारा पुसू नका. पुढे कोणी हा फोटो पाहून ‘त्या वर्षी इथे तडा होता का’ असं विचारेल, आणि तुमच्या फोटोने त्याला खरं उत्तर द्यायला हवं. कृत्रिम बुद्धिमत्तेने आकाश बदलणं किंवा जुनी बाकं आत बसवणं तर नकोच. आवड म्हणून तसं काही केलंच तर फोटोखाली ठळक लिहा.

फोटोखाली काय लिहावं आणि फाइल्स कशा ठेवाव्यात?

तारीख, मजला, खोलीचा आजचा वापर आणि जुना वापर, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला. ‘दुसरा मजला, पूर्वीचा सातवीचा वर्ग, आता लेखा विभाग, ईशान्येकडे पाहताना’ एवढं पुरतं. दिशा न लिहिलेला फोटो काही वर्षांनी ओळखणं कठीण होतं, कारण जुन्या शाळेतले वर्ग एकसारखे दिसतात. ही माहिती फाइलच्या आतल्या मेटाडेटामध्येही भरा, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी सोबत राहते.

वापर किती वेळा बदलतो याचं एक उदाहरण: वॉशिंग्टनमधली फ्रँकलिन शाळा. ॲडॉल्फ क्लुस यांनी रचलेली ही शाळा १८६९ साली उघडली. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८० साली तिच्या गच्चीवरून उजेडाच्या झोतावर आवाज पाठवून दाखवला. पुढे अनेक वर्षं तिथे शिक्षण मंडळाची ऑफिसं होती, आणि २०२०पासून भाषेचं संग्रहालय आहे. तेव्हा आज ‘ऑफिस’ म्हणून टिपलेली खोली उद्या तिसरंच काही होईल, हे धरूनच फोटोखालची माहिती लिहा.

फाइल्स रॉ आणि टिफ दोन्ही रूपांत, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. अमेरिकेत १९३३पासून चालू असलेलं ऐतिहासिक इमारतींचं सरकारी सर्वेक्षण कागद आणि निगेटिव्ह ५०० वर्षं टिकावेत असा निकष लावतं. घरच्या हार्ड डिस्कला ते जमणार नाही, म्हणून निवडक फोटोंचे टिकाऊ कागदावर प्रिंट काढा आणि एक संच स्थानिक अभिलेखागाराला किंवा ग्रंथालयाला द्या, एक मालकाला आणि एक माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला. देताना प्रत्येक फोटोखालच्या माहितीची यादी करून तिची प्रत सोबत जोडा, आणि वापराची परवानगी कोणाला कितपत आहे ते त्याच यादीवर लिहून सही करा.